रानात चावणारे किडे आणि त्यांचे ताप: सह्याद्रीत पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पाऊस ओसरला की डोंगरांवर गर्दी सुरू होते. नव्याने ट्रेकला लागलेली मंडळी बूट कोणते घ्यावेत, पाणी किती न्यावं, हेडटॉर्च कुठला चांगला, हे सगळं विचारून घेतात. चावणाऱ्या किड्यांबद्दल सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर "डासांची ट्यूब टाक सॅकमध्ये" एवढ्यावर विषय संपतो.

ट्यूब हवीच, पण ती बचावाचा अगदी छोटा भाग आहे. अंगभर कपडे, बसायची-झोपायची जागा नीट निवडणं, संध्याकाळी अंग तपासणं आणि घरी परतल्यावर तीन आठवडे तापावर लक्ष ठेवणं, हा खरा बंदोबस्त. यातला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच सगळ्यात जास्त विसरला जातो.

घाबरून घरी बसायचं काही कारण नाही. रानात जे चावतं त्यातल्या बहुतेकांमुळे दोन दिवस खाज सुटते, बाकी काही होत नाही. पण थोड्या चाव्यांमधून आजार होतात. त्यातले बरेचसे लवकर ओळखले तर साध्या गोळ्यांनी बरे होतात आणि उशीर झाला तर जिवावर बेततात. हा फरक नव्या माणसाला आधीच माहीत असायला हवा.

पहिली पायरी: कोण, कुठे आणि कधी चावतं ते समजून घ्या

डास सगळ्यांना माहीत आहेत, पण सगळे डास एका वेळी चावत नाहीत. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. सकाळी उजाडल्यानंतरचे काही तास आणि मावळतीच्या आधीची वेळ ही त्याची खास वेळ. त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात. तो फक्त शहरातल्या कूलरमध्ये वाढतो असं नाही. त्याचा एक भाऊबंद रानाच्या कडेला, झाडांच्या ढोलीत आणि तोडलेल्या बांबूच्या बुंध्यात साठलेल्या पाण्यातही वाढतो. मलेरियाचा अ‍ॅनॉफिलीस मात्र तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत चावतो. त्यामुळे "आम्ही रात्री मच्छरदाणीत झोपलो होतो, डेंग्यू कसा होईल?" या प्रश्नात अर्थ नाही. भातखाचरांच्या आसपास क्युलेक्स जातीचे डास असतात. त्यांच्यातल्या काही जाती जपानी मेंदूज्वर पसरवतात. तेही अंधार पडल्यावरच चावतात.

मलेरियाच्या बाबतीत ठिकाणाला फार महत्त्व आहे. राज्यात मलेरियाचा सगळ्यात मोठा भार गडचिरोली जिल्ह्यावर आहे. भामरागड, धानोरा, एटापल्ली या भागात जंगलात मुक्काम करणाराने मच्छरदाणी ही चैन समजू नये. पुण्याजवळच्या गडावर एक रात्र काढणं आणि तिथे पावसाळ्यात आठवडाभर राहणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गोचीड गुरांच्या आणि कुत्र्यांच्या अंगावर सगळ्यांनी पाहिलेली असते. ती उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून टपकतही नाही. गवताच्या किंवा झुडपाच्या टोकाला पुढचे पाय पसरून बसते आणि जवळून जाणाऱ्याला धरते. मग अंगावर चढत चढत मऊ, घामट जागा शोधते. सिंधुदुर्गात आणि गोव्यात तिच्यामुळे होणाऱ्या तापाला माकडताप म्हणतात. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून त्याचं वैद्यकीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. गेल्या दशकात तो गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि आपल्याकडे दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात येऊन पोहोचला. २०१६ मध्ये दोडामार्गात त्याची मोठी साथ होती. काजूच्या बागांत काम करणारे, जंगलातून सरपण आणि पालापाचोळा आणणारे, गुरं चारणारे, यांना त्याचा सगळ्यात जास्त धोका. हंगाम साधारण डिसेंबर ते मे. त्या काळात गोचिडीची पिल्लं पाचोळ्यात असतात. ती इतकी बारीक असतात की कपड्यावर तिळापेक्षा मोठी दिसत नाहीत.

या आजाराची एक खूण रानातच दिसते. वानर आणि माकडं याने मरतात, आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. म्हणून रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊन फोटो काढायचा नाही. त्या जागेपासून लांब निघून जायचं आणि वनखात्याला कळवायचं. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. तुमच्या एका फोनमुळे शेजारच्या गावात वेळेवर फवारणी होऊ शकते.

तिसरा जीव नव्या माणसाला बहुधा ठाऊकच नसतो: चिगर. हे गवतात राहणाऱ्या माइट नावाच्या बारीक जिवाचं पिल्लू. आकार मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या भागाएवढा, म्हणजे डोळ्यांना दिसणं कठीण. चावलेलं कळतही नाही. यातून स्क्रब टायफस नावाचा ताप होतो. पावसाळ्याच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत, गवत गुडघ्याएवढं वाढलेलं असतं तेव्हा, त्याचा जोर असतो. म्हणजे नेमक्या आपल्या ट्रेकच्या हंगामात. विदर्भात, विशेषतः नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत, २०१८ मध्ये त्याचे बरेच रुग्ण सापडले आणि मगच हे नाव वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचलं. चिगर सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. उंदीर जास्त असलेल्या झुडपी, गवताळ तुकड्यांमध्ये ते एकवटलेले असतात. वाट सोडून गवतात लोळलं की गाठ पडते.

वाळूमाशी डासाहून कितीतरी लहान असते आणि रात्री चावते. मातीच्या भिंतींच्या भेगा आणि गोठे या तिच्या लपायच्या जागा. नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावाच्या नावाने ओळखला जाणारा विषाणू १९६५ मध्ये सापडला, तो हिच्यामार्फत पसरतो. तो मुख्यतः लहान मुलांना गाठतो. २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात आणि २०२४ मध्ये गुजरातेत त्याने अनेक मुलांचा बळी घेतला. लहान मुलांना घेऊन उन्हाळ्याच्या शेवटी किंवा पावसाळ्यात खेड्यात मुक्कामाला जाणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

जळवांबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगतो. आंबोलीत, कोयनेच्या रानात पावसाळ्यात त्या पायाला लागणारच. दिसायला किळसवाण्या असल्या तरी आपल्याकडे त्यांच्यापासून कुठला आजार पसरत नाही. नखाने बाजूला सरकवून काढा, जखम धुवा, पट्टी लावा. रक्त थोडा वेळ वाहत राहतं, त्याने घाबरू नका.

दुसरी पायरी: कपडे

पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट, पूर्ण लांबीची सैल पँट, पिंडरीपर्यंत येणारे मोजे आणि घोट्यावर येणारे बूट. रंग फिका, म्हणजे अंगावर चढणारी गोचीड दिसते. अंगाला चिकटणाऱ्या लेगिंग्जमधून डास सहज चावतो, म्हणून सैल कपड्यांचा आग्रह. उन्हात हाफ पँट बरी वाटते हे मान्य, पण वाट गवतातून जाणार असेल तर ती सॅकमध्येच राहू द्या.

पँटचे पाय मोज्यांत खोचा आणि शर्ट पँटमध्ये. फोटोत हे चांगलं दिसत नाही, तरीही करा. गोचीड आणि चिगर खालून वर चढतात. मोज्याशी त्यांची वाट अडली की ते कापडावरूनच चालत राहतात आणि तिथे ते दिसतात, झटकता येतात. सगळ्या युक्त्यांमध्ये एकच निवडायची झाली तर मी हीच निवडेन. हिला पैसा लागत नाही.

कपड्यांवर मारायचं पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. ०.५ टक्क्याचं द्रावण बूट, मोजे आणि पँटच्या खालच्या भागावर मारून पूर्ण सुकू दिलं तर ते काही धुण्यांपर्यंत टिकतं, आणि गोचिडीविरुद्ध त्याच्याइतकं उपयोगी दुसरं फार थोडं आहे. मात्र कपड्यांसाठी बनवलेलंच घ्या. शेतीच्या फवारणीचं औषध घरच्या घरी पातळ करून कपड्यांवर मारणं धोक्याचं आहे. ते त्वचेला लावायचं नसतं, आणि घरात मांजर असेल तर ओलं असताना तिला जवळ फिरकू देऊ नका; मांजरांना ते विषारी असतं. मिळालं नाही तर अडत नाही, मोजे आणि खोचलेली पँट बरंच काम करतात.

तिसरी पायरी: अंगाला काय लावायचं

किडे दूर ठेवणारं क्रीम किंवा स्प्रे घ्यायला दुकानात गेल्यावर पुढची जाहिरात न वाचता मागचं लेबल वाचा. डीट, पिकारिडिन (लेबलवर इकारिडिनही लिहिलेलं असतं) किंवा लेमन युकॅलिप्टसपासून काढलेलं पीएमडी, यांपैकी एक नाव हवं. आपल्याकडे किराणा दुकानात सहज मिळणाऱ्या क्रीममध्ये डायइथाइल बेंझामाइड असतं. डासांसाठी तेही काम देतं, फक्त पुन्हा पुन्हा लावावं लागतं. दिवसभर रानात राहायचं असेल तर २० ते ३० टक्के डीट किंवा २० टक्के पिकारिडिन घ्या. टक्केवारी वाढली की संरक्षण जास्त वेळ टिकतं, पण ५० टक्क्यांच्या वर गेल्याने फायदा होत नाही. डीट प्लॅस्टिक खातं, हे लक्षात ठेवा. गॉगल, घड्याळाची काच, मोबाइलचं कव्हर यांना हात लावण्याआधी तळवे पुसा.

आधी सनस्क्रीन, ती मुरू द्यायची, मग हे. उलटं केलं तर परिणाम कमी होऊ शकतो. उघड्या राहिलेल्या सगळ्या त्वचेवर सारखं पसरवा. घोटे, मानेची मागची बाजू, कानांच्या पाळ्या, मनगटं या विसरल्या जाणाऱ्या जागा. दोन ठिपके लावून उपयोग नाही, कारण डास नेमका उरलेला भाग शोधतो. तोंडावर स्प्रे मारू नका. तळहातावर घेऊन डोळे आणि ओठ टाळून लावा. कपड्यांच्या आतून लावू नका, खरचटलेल्या जागी लावू नका. घामाने किंवा पावसाने धुऊन गेलं की पुन्हा लावा, आणि मुक्कामाला पोहोचल्यावर, झोपण्याआधी साबणाने धुऊन टाका.

लहान मुलांना मोठ्यांनी आपल्या हाताने लावावं आणि मुलांच्या तळहातांना लावू नये, कारण ते हात तोंडात जातात. दोन महिन्यांखालच्या बाळाला काहीच लावायचं नाही, त्याच्यासाठी जाळीच. पीएमडी तीन वर्षांखालच्या मुलांना नको. गर्भवती स्त्रियांनी डीट किंवा पिकारिडिन लेबलवर सांगितल्याप्रमाणे वापरायला हरकत नसते, पण मलेरियाच्या भागात जाण्याचा बेत असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात मलेरिया फार त्रास देतो.

मनगटावरचे सुगंधी पट्टे, मोबाइलमधून आवाज काढणारी ॲप, लसूण खाणं, बी व्हिटॅमिनच्या गोळ्या: यांच्यावर भरवसा ठेवू नका. सिट्रोनेलाच्या तेलाचा परिणाम थोड्याच वेळात उडून जातो. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला तर धूर असेपर्यंत डास कमी होतात. वारा फिरला की संपलं. कॉइल उघड्यावर फारशी कामाची नाही, आणि बंद तंबूत तर ती अजिबात पेटवायची नाही. आगीचा धोका आहे आणि तो धूर छातीत जातो.

चौथी पायरी: वाटेवर आणि मुक्कामी

मळलेल्या वाटेच्या मधून चाला. दोन्ही बाजूंचं गवत पायांना घासत राहतं तिथेच गोचिडी बसलेल्या असतात, आणि गुरांच्या वाटेवर त्या जास्त. विश्रांतीला उघडा कातळ शोधा, पाचोळ्यावर किंवा गवतात बसू नका. बसायचंच असेल तर खाली ताडपत्री किंवा कॅरीमॅट अंथरा, आणि उठताना तिची खालची बाजू झटका. सॅक, काढलेला शर्ट, टोपी गवतावर टाकायची सवय सगळ्यांना असते. ती सोडा. शौचाला झुडपात जाताना नेमके उघडे पाय गवतात जातात, म्हणून त्यातल्या त्यात मोकळी जागा बघा.

मधमाश्यांबद्दल दोन वाक्यं. आग्या मोहोळाला यातलं कुठलंही क्रीम थांबवत नाही, आणि मोहोळ उठून गडांवर माणसं दगावली आहेत. कड्यावर किंवा बुरुजाखाली पोळी दिसली तर तिथे धूर, आरडाओरडा, दगड काही नको. मुकाट्याने लांबून जा.

रात्री देवळात, लेण्यात किंवा गावात कुणाच्या ओट्यावर झोपायची वेळ येते. जागा निवडताना गोठ्यापासून, पाण्याच्या टाक्यांपासून आणि तळ्यांपासून लांब राहा. घराला माळा असेल तर माळ्यावर झोपणं चांगलं, कारण वाळूमाशी जमिनीलगत टुणटुण उडते, फार उंच जात नाही. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ती आत शिरू शकते. म्हणून औषध लावलेली मच्छरदाणी असेल तर ती न्यावी, नसेल तर बारीक जाळीची. मच्छरदाणीची कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचा, नुसती लोंबकळत सोडू नका, आणि झोपेत हात-पाय जाळीला टेकणार नाहीत एवढी ती ताणून बांधा. टेकलेल्या जागी डास बाहेरून चावतो.

गावातली माणसं आपुलकीने "आमच्याकडे डास नाहीत हो" म्हणतात. त्यांना सवय झालेली असते. त्यांचा मान राखून, हसून मच्छरदाणी बांधा, कुणी वाईट मानत नाही. तंबूत असाल तर दिवेलागणीच्या आधी जाळीची चेन बंद करा, आणि दिवा आत लावून चेन उघडी ठेवू नका.

पाचवी पायरी: अंग तपासा

हे रोज संध्याकाळी करायचं आणि घरी परतल्यावर त्याच दिवशी पुन्हा करायचं. साबणाने खसखसून अंघोळ करा. चिगर आणि अजून न रुतलेल्या गोचिडी त्यात निघून जाऊ शकतात. मग उजेडात सगळं अंग बघा: काखा, जांघा, कमरेचा पट्टा बसतो ती जागा, गुडघ्यांच्या मागचा भाग, बेंबी, कानांच्या मागे, डोक्यात केसांमध्ये. स्त्रियांनी स्तनांखाली आणि ब्राच्या पट्ट्यांखालीही बघावं. पाठ स्वतःला दिसत नाही, तिथे सोबत्याची मदत घ्या. लहान मुलांचं डोकं बोटांनी चाचपून बघा. कपडे त्याच दिवशी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. सॅक आणि स्लीपिंग बॅग बाहेरच झटका. कुत्रा सोबत नेला असेल तर त्यालाही तपासा, नाहीतर गोचीड त्याच्याबरोबर घरात येते.

गोचीड रुतलेली सापडली तर चिमटा घ्या, बारीक टोकाचा. तिला पोटाकडून धरायचं नाही. त्वचेला अगदी लागून, तोंडाशी पकडायचं आणि सरळ वर, एकसारख्या जोराने ओढायचं. पिरगाळू नका, झटका देऊ नका. तोंडाचा तुकडा आत राहिला आणि सहज निघत नसेल तर टोकरत बसू नका, त्वचा तो आपोआप बाहेर टाकते. जागा साबणाने धुवा, मग हात धुवा. काडी पेटवून चटका देणं, रॉकेल, तंबाखू, चुना, नेलपॉलिश हे सगळं टाळा, कारण त्यात वेळ जातो आणि गोचीड आतलं द्रव आपल्या अंगात सोडण्याची शक्यता वाढते. काढलेली गोचीड नखावर चिरडू नका. चिकटपट्टीत गुंडाळा किंवा स्पिरिटमध्ये टाका. तिचा फोटो काढा. फोटोवर तारीख आपोआप राहते, पुढे लागली तर कामाला येते.

अमेरिकेत राहणाऱ्यांना इथे एक सांगायला हवं. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनियाच्या रानवाटांवर मराठी मंडळी शनिवार-रविवारी भरपूर फिरतात. तिथला मोठा धोका लाइम आजाराचा. तिथली गोचीड साधारणपणे एक दिवसापेक्षा जास्त वेळ रुतून राहिली तरच तो आजार देते, त्यामुळे रोजची तपासणी तिथे फारच फळाला येते. चावल्यानंतर तीन ते तीस दिवसांत त्वचेवर पसरत जाणारा लाल चट्टा उठला तर डॉक्टर गाठायचाच, मग ताप असो वा नसो.

सहावी पायरी: परतल्यानंतरचे तीन आठवडे

डेंग्यूचा ताप चावल्यानंतर साधारण चार ते दहा दिवसांत येतो, माकडतापाचा तीन ते आठ दिवसांत, स्क्रब टायफसचा एक ते तीन आठवड्यांत, मलेरियाचा आठवड्यापासून महिन्यापर्यंत. तोवर ट्रेकचे फोटो टाकून झालेले असतात, आपण ऑफिसात असतो आणि ताप "व्हायरल" म्हणून अंगावर काढला जातो. शहरातल्या डॉक्टरांसमोर रोज तापाचे कितीतरी पेशंट असतात. तुम्ही जंगलात झोपला होता हे सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार? म्हणून पहिलं वाक्य हेच: "डॉक्टर, मी अमुक तारखेला अमुक ठिकाणी रानात होतो, हे हे चावलं होतं."

स्क्रब टायफसची खूण म्हणजे चाव्याच्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली. ती दुखत नाही, खाजत नाही, आणि नेमकी काखेत, जांघेत, कमरेला लपलेली असते. प्रत्येकाला ती असतेच असं नाही. ताप, प्रचंड डोकेदुखी, अंगदुखी यांच्या जोडीला अशी खपली दिसली तर स्वतःहून डॉक्टरांना दाखवा, संकोच करू नका. त्यावर डॉक्सिसायक्लिनसारखं जुनं, स्वस्त औषध चांगलं लागू पडतं आणि बहुधा दोन दिवसांत ताप उतरू लागतो. आपण मेडिकलमधून आणतो ती अ‍ॅमॉक्सिसिलिनसारखी औषधं मात्र यावर चालत नाहीत. मनाने अँटिबायोटिक सुरू करून चार दिवस घालवले की आजार फुप्फुसं, मूत्रपिंडं आणि मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. औषध डॉक्टरांनीच ठरवायचं, तुम्ही फक्त लवकर जायचं.

माकडतापात अचानक जोराचा ताप, डोकं आणि अंग ठणकणं, उलट्या, कधी नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येणं असं दिसतं. काहींना ताप उतरून बरं वाटतं आणि एक-दोन आठवड्यांनी तो पुन्हा उलटतो, तेव्हा मेंदूची लक्षणं असू शकतात. विषाणूवर थेट औषध नाही, पण दवाखान्यात वेळेवर सलाइन आणि देखभाल मिळाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. तो माणसाकडून माणसाला लागत नाही, त्यामुळे घरच्या रुग्णाला वेगळं टाकायची गरज नाही.

डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना असतो. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, रक्तस्राव, गळून जाणं यांतलं काही दिसलं तर ताप गेला म्हणून निश्चिंत न राहता तडक दवाखाना गाठा. कारण समजेपर्यंत तापावर फक्त पॅरासिटामॉल घ्या. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. कुठल्याही तापात धाप लागली, बरळणं सुरू झालं, लघवी कमी झाली किंवा मुलाला झटके आले तर थांबायचं नाही, १०८ ला फोन करा. चांदीपुरा तापात मुलं काही तासांत गंभीर होतात.

मोबाइलमध्ये एक साधी नोंद ठेवा: कुठे गेलो, कुठल्या तारखा, कुठे झोपलो, काय चावलं. ग्रुपमधल्या एकाला ताप आला तर बाकीच्यांना लगेच कळवा, म्हणजे तेही सावध होतील आणि डॉक्टरांनाही दुवा मिळेल. तीन आठवडे सरले तरी ही नोंद खोडू नका. मलेरियाच्या व्हायव्हॅक्स जातीचे जंतू यकृतात महिनोन्‌महिने दडून बसतात. दिवाळीत भामरागडला जाऊन आलात आणि होळीच्या सुमारास थंडी वाजून ताप भरला, तरी ती फेरी डॉक्टरांना सांगा आणि मलेरियाची रक्ततपासणी करून घ्या.